मिठागरावरचं अपील

तळेवाल्यानं लेखी हरकत घेतली, की मिठागरावर कोणी राहत नाही. तिथं नुसतं राखणीचं खोपट आहे आणि हंगाम संपला की माणसं निघून जातात. ज्या सकाळी त्यानं हे लिहून दिलं, त्या सकाळी ती न राहणारी तीन माणसं खाऱ्या पाण्यात उभी राहून मीठ ओढत होती.

म्हातारी, तिचा लेक आणि सून. म्हातारीला गावात सगळे करवत म्हणत. तोंड सुटलं की समोरचा उभा चिरला जायचा, म्हणून. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून ते तिला आवडायचंही. नवरा होता तोवर ती हंगामापुरतीच इथं यायची. नवरा गेला, तशी मूळ गावच्या दिरानं घराला स्वतःचं कुलूप घातलं. तेव्हापासून बारा महिने ती या बांधाच्या टोकाला होती. पावसात छप्पर गळायचं, मोठ्या भरतीला पाणी दाराशी यायचं, साप चुलीपाशी येऊन बसायचे. ती हलली नाही. इथंच लेक मोठा झाला, इथंच सून आणली.

मिठागराची जमीन गावाची. पंचायत दर काही वर्षांनी करार करायची आणि करार मीठवाल्यांनाच मिळायचा. या खेपेला तळेवाल्याला तिथं कोळंबीची तळी खोदायची होती. खाडीच्या वरच्या अंगाला त्याची पाच तळी झालीच होती; त्यांचं घाण पाणी रोज मिठागराच्या कडेनं वाहायचं. पंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि तळेवाला स्वतः उभा होता. बाकीच्या मीठवाल्यांची घरं गावात होती, नावं मतदारयादीत होती, पण त्यातले निम्मे तळेवाल्याकडं कामाला लागून गप्प झाले होते. म्हातारीनं हट्टानं तिघांची नावं यादीत घालायचे अर्ज भरायला लावले; तळेवाल्याची हरकत त्यांवरच होती. चौकशीला आलेला माणूस डांबरी रस्त्यावर गाडी उभी करून, डोळ्यांवर हात धरून, लांबूनच खोपटाकडं बघून गेला. बांधावर चिखल होता आणि त्याच्या पायात नवे बूट होते.

तिन्ही अर्ज नामंजूर झाले. ही बातमी सुनेच्या भावानं आणली. तो तळेवाल्याकडं खोदाईचं मशीन चालवायचा. दुपारी मोटारसायकल बांधाच्या तोंडाशी लावून तो चालत आला. म्हातारी समोर होती म्हणून जरा लांबच थांबला.

“तुमची नावं कापली,” तो म्हणाला. “पंचायतीच्या भिंतीवर कागद लावलाय. अपील करता येतं म्हणे. निकालापासून पंधरा दिवसांत. त्यातले बरेच गेले.”

“कागद कधी लावला?” सुनेनं विचारलं.

“गेल्याच आठवड्यात. आम्ही रोज बघतो तिथून जाता-येता.”

“रोज बघतोस आणि आज सांगतोस?” म्हातारीनं फावडं खाली टाकलं. “मालकानं आज परवानगी दिली वाटतं!”

भाऊ बहिणीकडं एकदा बघून निघून गेला. म्हातारी त्याच्या पाठीकडं बघत सुनेला ऐकू जाईल अशी बोलत राहिली. “एक बाहेरून पोखरतो, एक घरात बसलीय. ह्यांच्या घरातलं पाणीच तसलं.”

सुनेनं फावडं ओढणं थांबवलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण ती सासूला आई म्हणत नसे. काहीच म्हणत नसे. बोलायचं झालं तर समोर जाऊन उभी राही आणि बोलू लागे.

लेकाला या सगळ्यात रस नव्हता. त्याचं सगळं लक्ष मोठ्या बांधाकडं होतं. खाडीकडचा हा बांध मधोमध बसला होता आणि तळाशी पाझरत होता. अमावस्येच्या उधाणाला तो टिकला नाही, तर बांधाआडचे वाफे समुद्राच्या पाण्याखाली जाणार, कडेला ओढून ठेवलेले मिठाचे ढीग विरघळणार. वर्षाची मेहनत. तो पहाटेपासून चिखलाची ढेकळं डोक्यावरून वाहायचा, मेखा ठोकायचा, मेखांमागं झुडपं कोंबायचा. पाण्यातल्या मिठानं पोटऱ्यांना भेगा पडल्या होत्या, रात्री त्यांना तेल लावताना तो दात आवळायचा.

“मत देऊन कुणाचं पोट भरलं?” तो म्हणाला. “बांध आधी.”

“करारच गेला तर बांध कुणासाठी घालतोस? तळेवाल्यासाठी?” म्हातारी म्हणाली.

“तुझ्या एका मतानं करार राहणार आहे?”

“माझ्या मताला काय झालंय? त्याला ते नको आहे, यातच आलं ना सगळं!”

लेकानं मेख उचलली आणि चालू लागला. त्याला बापासारखीच खोड होती. बोलण्यात हरला की कामाला लागायचा.

अपिलाला निकालाची नक्कल जोडावी लागते, हे भिंतीवरच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते सुनेनं वाचलं. ती सातवीपर्यंत शिकली होती. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं जिथं जायचं तिथं दोघींना बरोबर जावं लागणार होतं, आणि हे दोघींनाही तेवढंच नकोसं होतं.

पहिल्या दिवशी पंचायतीत कारकून जागेवर नव्हता. दुसऱ्या दिवशी होता, पण शिक्का कपाटात होता आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडं. तिसऱ्या खेपेला दोघी थेट कामावरून गेल्या. पाय धुवायला वाटेत पाणी नव्हतं. पंचायतीच्या खोलीत नवी गुळगुळीत फरशी बसवली होती. दोघी टेबलापर्यंत गेल्या आणि मागं वळून बघितलं, तर दारापासून चिखलाची पावलं उमटलेली.

तळेवाला पंख्याखाली खुर्ची टाकून बसला होता. अंगानं भारदस्त, आवाज मऊ. तो कधी ओरडत नसे. त्याला गरजच पडत नसे.

“अरे अरे,” तो म्हणाला, “काल पुसून घेतली होती ना फरशी?”

कारकुनानं पावलांकडं बघितलं, मग दोघींकडं. “बाहेर उभं राहायची अक्कल नाही? कोपऱ्यात फडकं आहे. आधी ते पुसा. मग काय ते सांगा.”

“मी नाही पुसायची,” म्हातारी म्हणाली. “मी कागद न्यायला आलेय, झाडलोट करायला नाही.”

“मग कागद उद्या.”

सून कोपऱ्यात गेली. फडकं घेतलं, ओणवी झाली आणि टेबलापासून दारापर्यंत उलट्या पावलांनी पुसत गेली. बाकावर बसलेले दोघंतिघं हसले. म्हातारीचं तोंड तापलं. तिला तळेवाल्यापेक्षा, कारकुनापेक्षा त्या क्षणी सुनेचा राग आला. चांगला नाठाळ चेहरा करून उभं राहायचं सोडून ही वाकली कशाला?

“आजी,” तळेवाला म्हणाला, “कशाला त्रास करून घेता या वयात? माझ्या तळ्यावर खोल्या बांधल्यात. पत्र्याच्या नाही, पक्क्या. लेकाला काम देतो, तुम्हाला खोली देतो. नाव मग आपोआप यादीत येईल. मीच घालून देईन.”

“आणि मत कुणाचं असेल ते?”

“तुमचंच की.”

“तुझ्या खोलीत राहून?” म्हातारी म्हणाली. “तुझ्या कोळंब्यांची नावं घाल की यादीत. त्या राहतात तुझ्याकडं. हाकेला ओ पण देत असतील.”

बाकावरचा एकजण फसकन हसला आणि लगेच खोकायला लागला. तळेवाल्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तो कारकुनाला म्हणाला, “नियमानं जे असेल ते कर बाबा.” नियमानं म्हणजे काय ते कारकुनाला बरोबर कळलं. फरशी पुसून झाली तरी नक्कल त्या दिवशी मिळाली नाहीच. मिळाली ती मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी, दिवे लागता लागता. कारकुनानं ती टेबलावरून अशी ढकलली, की खाली पडली. ती उचलायला पुन्हा सूनच वाकली.

बाहेर आल्यावर म्हातारी म्हणाली, “तुला कणा दिलाय की नाही देवानं?”

“कागद पाहिजे होता की भांडण?” सून म्हणाली. 

मुदतीचा शेवटचा दिवस आणि अमावस्येचं उधाण एकाच दिवशी आलं. पाणी दुपारी चढणार होतं. पहाटे लेक बांधाच्या बसक्या भागावर कमरेएवढ्या चिखलात उभा होता. सुनेनं तिघांची अपिलं लिहून ठेवली होती. म्हातारीचा अंगठा झाला होता. सून कागद आणि पेन घेऊन बांधावर आली.

“तेवढी सही करा.”

“दिसतंय का तुला मी काय करतोय?”

“एक सही करायला किती वेळ लागतो?”

“आज दोन हात कमी पडतायत, आणि तुम्ही चार हात घेऊन तालुक्याला चाललात!” त्याचा आवाज फाटला. “बांध फुटला तर तुमचं मत आणून लावू का मी तिथं, भगदाडात?”

“माझ्या सांगण्यावरून जातेय ती,” म्हातारी मागून म्हणाली. “राग माझ्यावर काढ. सही कर.”

“नाही करत. यादी गेली खड्ड्यात. आणि जायचं असेल तर परत येऊन माझ्या मिठाकडं बघायचं नाही.”

“तुझं मीठ?” म्हातारी ओरडली. “तू रांगत होतास तेव्हापासून मी ओढतेय हे मीठ! तुझं कधी झालं?”

लेकानं पाठ फिरवली. सुनेनं त्याचा कागद घडी करून वेगळा ठेवला आणि चालू लागली. म्हातारी तिच्या मागं निघाली. खरं तर तिचा पायही अडखळत होता. तो बांध तिनं हातानं घातला होता. त्याच्या पोटात कुठं दगड आहे आणि कुठं नुसती रेती, हे तिला झोपेत सांगता आलं असतं. पण आता मागं फिरायचं म्हणजे लेकापुढं आणि तळेवाल्यापुढं एकदमच फिरायचं होतं.

पहिली बस निघून गेली होती. दुसरीची वाट बघत थांबण्यापेक्षा दोघी रस्त्यानं चालू लागल्या. ऊन वर आलं. म्हातारीला दम लागायचा, पण ती थांबू म्हणेना, आणि सून विचारेना.

“तुझा भाऊ असेल आज मजेत,” म्हातारी धापा टाकत म्हणाली. “मालकाची तळी, मालकाची गाडी. बहीण मरो उन्हात.”

सून गर्रकन वळली. “त्याचं काम गेलं.”

“काय?”

“तुम्हाला बातमी द्यायला आला म्हणून काढला त्याला. त्याच दिवशी. मीच त्याला भिंतीवरचे कागद बघत जा म्हणून सांगून ठेवलं होतं. पण त्याला कुठं वाचायला येतं नीट? कुणाकडून तरी वाचून घेईपर्यंत दिवस गेले. तो आला, तुमच्या शिव्या खाल्ल्या आणि काम घालवून घरी बसला. झालं समाधान?”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्हाला कोण काय सांगणार? तुम्ही ऐकता कुठं! चार वर्षं झाली, मी तोंड उघडलं की तुम्ही माझ्या बापाच्या घरावर घसरता.”

मागून एक गाडी येऊन धूळ उडवत गेली. म्हातारी रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. शेवटी ती म्हणाली, “पाय उचल. उशीर होतोय.” आणि पुढं निघाली. चुकलं असं काही ती म्हणाली नाही, आणि सुनेलाही तशी अपेक्षा नव्हती.

तालुक्याच्या कचेरीत खालच्या खिडकीवर रांग होती. नंबर लागला तेव्हा आतला माणूस म्हणाला, अपील इथं नाही, वर. वर गेल्या तर, अपील मागच्या इमारतीत. मागच्या इमारतीत जेवणाची सुट्टी झाली होती. सुट्टी संपली तरी खुर्ची रिकामीच. बाहेर झाडाखाली बसून म्हातारी आकाशाकडं बघत होती. आता पाणी बांधाला लागलं असेल. आता अर्ध्यावर आलं असेल. ती पदराचं टोक पिळत होती. सुनेनं पाण्याची बाटली पुढं केली. म्हातारीनं ती घेतली.

खुर्चीवरचा माणूस आला. त्यानं कागद उलटेपालटे केले.

“दोन प्रती लागतात.”

“दुसरी काढून आणते,” सून म्हणाली.

झेरॉक्सच्या दुकानात वीज नव्हती. सुनेनं दुकानातून कोरे कागद घेतले, कचेरीच्या पायरीवर बसली आणि दोन्ही अपिलं पुन्हा हातानं उतरवायला लागली. बोटांच्या चिरांना पेन खुपत होतं. म्हातारी तिच्या पुढ्यात ऊन अडवून उभी राहिली. सून लिहीपर्यंत हललीच नाही.

दोघी पुन्हा दाराशी पोचल्या तेव्हा शिपाई खिडक्या लावत होता आणि खुर्चीवरचा माणूस डबा पिशवीत घालत होता.

“उद्या या.”

“उद्या मुदत संपलेली असेल,” सून म्हणाली.

“मग आधी यायचं. शेवटच्या दिवसापर्यंत झोपला होता काय?”

“झोपलो नव्हतो. तुमच्याच दारात बसलो होतो सकाळपासून.”

“बाई, कचेरी बंद झाली. शिपाई, दार लाव.”

शिपाई दार ओढू लागला. म्हातारीनं पाय दारात घातला. दार घोट्यावर आदळलं. ती कळवळली, पण पाय काढला नाही. उलट खाली बसली, दाराच्या मधोमध, दोन्ही बाजूंची चौकट हातांनी धरून.

“उठ, म्हातारे!” शिपायानं दंड धरून ओढलं. खांद्यात कट्कन काहीतरी झालं.

“ओढ! आणखी ओढ!” ती किंचाळली. “माझा हात काढून ठेव तुझ्या साहेबाच्या टेबलावर. पण कागद घेतल्याशिवाय मी उठायची नाही. रात्रभर बसेन. इथंच मुतेन!”

जिन्यावर माणसं गोळा झाली. आतल्या खोलीतून अधिकारी बाई बाहेर आल्या. त्यांच्या खांद्याला पर्स होती, हातात गाडीची किल्ली. सगळ्या दिवसाचा वैताग चेहऱ्यावर.

“काय तमाशा चाललाय?”

“मुदतीचं अपील आहे, मॅडम. आज शेवटचा दिवस. घेत नाहीत,” सून म्हणाली.

बाईंनी घड्याळ बघितलं. मग खुर्चीवरच्या माणसाकडं बघितलं. “वेळ झालीय का?”

“व्हायलाच आलीय, मॅडम.”

“म्हणजे नाही झाली. घ्या आणि घालवा यांना. मला डोकं उठलंय.” बाईंनी म्हातारीकडं खाली बघितलं. “आणि तुम्ही, पुन्हा असं केलंत तर पोलीस बोलवीन.”

“बोलवा,” म्हातारी म्हणाली. “पण शिक्का आधी.”

शिक्का पडला. पोच मिळाली. दोन अपिलांची. तिसरा, सही नसलेला कागद सुनेनं एकदा पुढं केला होता. त्या माणसानं तो न वाचताच परत सरकवला.

दोघी परतल्या तेव्हा उजेड सरत आला होता. बांधावर पाऊल टाकायच्या आधीच म्हातारीला कळलं. वाऱ्याला मिठाचा वास नव्हता, कुजक्या खाडीचा होता. बसक्या जागी माणूसभर रुंदीचं भगदाड पडलं होतं. वाफे एकजीव झाले होते आणि त्यांत गढूळ पाणी हलत होतं. पांढऱ्या ढिगांच्या जागी बुटके, करडे उंचवटे उरले होते.

लेक भगदाडाच्या कडेला बसला होता. तळहात सोलून निघालेले. तो उठला नाही.

“घेतलं का अपील?” त्यानं विचारलं.

“घेतलं,” म्हातारी म्हणाली.

“मग ते शिजव आता.”

नेहमीची म्हातारी असती तर उलटून बोलली असती. त्या दिवशी ती चिखलात उतरली आणि दुखऱ्या खांद्यानं ढेकूळ उचलायला गेली. हात वर होईना. सुनेनं ते ढेकूळ तिच्या हातून काढून घेतलं आणि नेऊन भगदाडात टाकलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बांध पुन्हा घालायचा, पाणी ओहोटीला बाहेर काढायचं, वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून पुन्हा घट्ट करायचा. लेक कामापुरतं बोलायचा, तेही हुकूम दिल्यासारखं. जेवण झालं की ताट सरकवून बांधावर जाऊन बसायचा. सुनेचा भाऊ एक दिवस येऊन काही न विचारता फावडं घेऊन उतरला. म्हातारीनं त्याला बघितलं आणि म्हणाली, “तिथं नको, इकडं टाक. डोळे आहेत ना?” तो इकडं टाकू लागला. तिच्याकडून याहून जास्त स्वागत कुणाचंच झालं नव्हतं.

सुनावणीच्या आधी अधिकारी बाई स्वतः जागा बघायला आल्या. त्यांना तसा आदेशच होता, म्हणून. बरोबर तळेवाला होता, पांढरे कपडे सांभाळत. बांधावर चालताना बाईंचा पाय चिखलात नडगीपर्यंत गेला आणि चप्पल आतच राहिली. म्हातारी बघत उभी राहिली. शेवटी सुनेनं हात घालून चप्पल काढून दिली.

“बघा मॅडम,” तळेवाला म्हणाला, “घर नंबर नाही, वीज नाही, संडास नाही. याला राहणं म्हणतात का? हंगामी आसरा आहे.”

“तुम्ही पावसाळ्यात कुठं जाता?” बाईंनी म्हातारीला विचारलं.

“कुठं जाणार? छपरावर ताडपत्री ओढतो आणि खाली भिजत बसतो.”

“पुरावा?”

म्हातारी खवळणार तेवढ्यात बाई आपणच आत शिरल्या. ओणव्या होऊन त्यांनी कुडाची भिंत बघितली. पावसाळ्यातल्या भरतीच्या पाण्यानं तिच्यावर दरवर्षी एक डाग ठेवला होता. एकावर एक, वेगवेगळ्या उंचीचे. प्रत्येक डागाच्या कडेनं, पाणी ओसरताच केलेलं लिंपण होतं. छपरावर भोपळ्याचा वेल पसरला होता, त्याचं खोड मनगटाएवढं जाड झालेलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

“पावसात इथं माणूस नसतं, तर हे लिंपलं कुणी?” त्यांनी तळेवाल्याला विचारलं. आवाजात म्हातारीबद्दल माया नव्हती. चप्पल बिघडल्याचा राग मात्र पुष्कळ होता.

“राखणदार ठेवत असतील.”

“त्याचं नाव सांगा.”

तळेवाला कपड्यांवरचा चिखल झटकू लागला. जाताना बाई लेकापाशी थांबल्या. “आणि तुम्ही? तुमचं अपील दिसत नाही.”

“मी केलं नाही.”

“मग तुमचं काही होणार नाही. मुदत गेली.”

“मी याच घरात राहतो. याच आईच्या पोटचा आहे.”

“असाल,” बाई म्हणाल्या. “मुदत गेली.”

लेक हसला, पण ते हसू बघून सून दुसरीकडं वळली.

सुनावणीत अपिलं मंजूर झाली आणि दोघींची नावं यादीत आली. मतदानाच्या दिवशी लेक त्यांना सोडायला गावच्या शाळेपर्यंत आला. फाटकापासून थोड्या अंतरावर चुन्याची रेघ मारली होती. पोलिसानं काठी आडवी धरली. “यादीत नाव आहे? नाही? मग रेघेच्या पलीकडं.”

तो पलीकडं जाऊन उभा राहिला. तिथं तळेवाल्याची माणसं होती. एकजण म्हणाला, “काय रे, बायकांना आत पाठवून तू चपला राखतोस होय?” बाकीचे मोकळेपणानं हसले. त्याच्या सोललेल्या हातांवर आता कुठं नवी कातडी धरत होती; ते त्यानं खिशात घातले.

आत म्हातारीच्या बोटाला शाई लावली. बोटाच्या भेगेत ती झोंबली. “आजी, समजलं ना कसं करायचं?” टेबलावरच्यानं विचारलं. “समजलं. तू दुसरीकडं बघ,” ती म्हणाली. आडोशाला गेल्यावर तिनं चित्रांवरून नजर फिरवली, पाहिजे ते शोधलं, आणि काम करून बाहेर आली.

“कुणाला दिलंस?” लेकानं विचारलं.

“तुला काय करायचंय?”

त्यानं बायकोकडं बघितलं.

“माझ्याकडं काय बघता,” ती म्हणाली. “गुप्त असतं ते.”

दोघी पुढं चालू लागल्या. शेजारी शेजारी नाही, एकीच्या मागं एक, नेहमीसारख्या.

तळेवाला निवडून आला. चांगल्या मतांनी आला, गुलाल उधळला, पंचायतीत तीच खुर्ची पंख्याखाली घेऊन बसला. त्याच्या बाजूचे दोघं मात्र थोडक्यात पडले, त्यामुळं मिठागराचा करार त्याला त्या वर्षी मोडता आला नाही. “पुढच्या वर्षी बघू,” असं तो त्याच मऊ आवाजात म्हणाल्याचं गावभर झालं. म्हातारीनं ते ऐकलं आणि लेकाला सांगितलं. 

यादीसाठी पुन्हा अर्ज घ्यायला सुरुवात झाली त्या दिवशी लेक कुणाला न सांगता पहाटे उठला, पाय घासून धुतले आणि पहिल्या बसनं तालुक्याला गेला. खालच्या खिडकीवर रांगेत उभा राहिला. नंबर लागल्यावर त्यानं अर्ज आत सरकवला, पण खिडकी सोडली नाही.

“नामंजूर झाला, तर अपिलाची मुदत कुठून धरायची?” त्यानं विचारलं. “कागद भिंतीवर लावल्यापासून, की माझ्या हातात आल्यापासून?”

“आधी मंजूर होतोय का ते तर बघा,” आतला माणूस वैतागून म्हणाला. “मागं रांग आहे. सरका.”

“सरकत नाही,” लेक म्हणाला. “आधी ते सांगा.”